पर्फ्युजनिस्ट व्हायचंय? कॉलेजच्या आधी ऑपरेशन थिएटर बघा

हृदयाची झडप बदलून पाच दिवस झालेले एक काका वॉर्डात खिडकीशी बसून चहा पीत होते. राउंड संपवून मी निघालो, तेवढ्यात त्यांची मुलगी मागे आली. बारावी सायन्स झालेली, नीटमध्ये एमबीबीएसइतके गुण नाहीत. हातात तीन कॉलेजांची माहितीपत्रकं. "सर, बाबांच्या बिलात पर्फ्युजनिस्ट असं एक नाव होतं. ते काय असतं ते शोधलं, आणि आता मला तेच करायचंय. या तिघांपैकी कुठे ॲडमिशन घेऊ?"

मी हृदयशस्त्रक्रियांचा भूलतज्ज्ञ आहे. गेली कित्येक वर्षं माझी सकाळ पर्फ्युजनिस्टच्या शेजारी उभं राहूनच सुरू होते. तरी या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. तिन्ही पत्रकांवर हसरे विद्यार्थी होते, पांढरे कोट होते, '100 टक्के प्लेसमेंट' होतं. मला जी माहिती हवी होती ती एकाही पत्रकात नव्हती. तिला जे सांगितलं, तेच थोडं सविस्तर इथे लिहितो आहे. ज्यांच्या घरात कुणाला हा अभ्यासक्रम करायचा नाही त्यांनीही वाचावं, कारण या मुलामुलींच्या हातात उद्या तुमचंच रक्त असणार आहे.

आधी हे काम काय, ते पाहू. 'बायपास' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरतात आणि त्यातून बराच गोंधळ होतो. आपण रोजच्या बोलण्यात बायपास म्हणतो ती हृदयाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्यांना पर्यायी वाट करून देणारी शस्त्रक्रिया. दुसरा बायपास यंत्राचा. हृदय उघडून झडप बदलायची असेल, हृदयातलं छिद्र बुजवायचं असेल, तर सहसा हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम हार्ट-लंग मशीन करतं. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हे यंत्र वापरून 18 वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र यशस्वीपणे बंद केलं. आजची यंत्रं खूप सुधारली आहेत, पण मूळ कल्पना तीच आहे. शरीरातलं अशुद्ध रक्त नळीवाटे बाहेर घ्यायचं, एका टाकीत जमा करायचं, ऑक्सिजनेटरमधून शुद्ध करायचं, हवं त्या तापमानाला आणायचं आणि महारोहिणीत परत सोडायचं.

हे यंत्र चालवतो तो पर्फ्युजनिस्ट. थिएटरमध्ये आम्ही त्या यंत्राला नुसतं 'पंप' म्हणतो.

'चालवतो' हा शब्द मात्र फसवा आहे. एक साधा हिशोब करा. प्रौढ माणसासाठी पंप मिनिटाला साधारण 4 लिटर रक्त फिरवत असतो, म्हणजे सेकंदाला 65 मिलिलिटरच्या आसपास. टाकीत 400 मिलिलिटर रक्त आहे आणि रुग्णाकडून येणारी नळी अचानक पिळली गेली, तर टाकी रिकामी व्हायला सहा सेकंद लागतात. त्यानंतर पंपात हवा शिरते, आणि ती हवा मेंदूकडे जाऊ शकते. पातळी खाली गेली की भोंगा वाजवणारे, पंप थांबवणारे सेन्सर असतात, वाटेत फिल्टर असतात. पण भोंगा वाजायच्या आत ज्याचा हात गतीच्या बटणावर गेलेला असतो, तो खरा पर्फ्युजनिस्ट. नळी कुठे दुमडली, की सर्जनने हृदय उचललं म्हणून रक्त कमी आलं, की रुग्णाच्या रक्तवाहिन्या सैलावल्या, हे त्याला त्या सहा सेकंदांतच ओळखायचं असतं.

सुरुवात याच्याही आधी होते. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांना लागलं की गोठतं, म्हणून आधी हेपॅरिन द्यावं लागतं. ते पुरेसं लागू झालं की नाही हे एसीटी नावाच्या चाचणीने बघतात. एरवी शंभर-सव्वाशे सेकंद असणारा हा आकडा पंप सुरू करण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी 480 सेकंदांच्या वर लागतो. 'हेपॅरिन दिलं?' 'दिलं.' 'एसीटी किती?' हा आमचा रोजचा संवाद, आणि हजारावी केस असली तरी तो मोठ्याने बोलायचाच असतो. सर्जन घाईत असताना "सर, एसीटी अजून आलेला नाही, पंप सुरू करणार नाही" असं सांगायला जी छाती लागते, ती पाठांतराने येत नाही.

आता कॉलेजकडे वळू. माझं मत सरळ आहे. या अभ्यासक्रमात कॉलेज म्हणजे त्याचं संलग्न रुग्णालय, आणि रुग्णालय म्हणजे तिथे पंपावर होणाऱ्या शस्त्रक्रिया. बाकी सगळं त्यानंतर. इमारत, वसतिगृह, शहर, अगदी विद्यापीठाचं नावसुद्धा.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: इथे महिन्याला पंपावरच्या केसेस किती होतात? 'हृदयाची ऑपरेशन्स किती' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर तुमची दिशाभूल करेल. आपल्या देशात रक्तवाहिन्यांच्या बायपास शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर धडधडत्या हृदयावर, पंप न लावता केल्या जातात. रुग्णाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पर्फ्युजनिस्ट तेव्हाही थिएटरमध्ये हजर असतो, वेळ आली तर पंप लावायच्या तयारीने. पण शिकणाऱ्याच्या वहीत ती पंपाची केस होत नाही. एखाद्या रुग्णालयात महिन्याला 20 हृदयशस्त्रक्रिया होत असतील आणि त्यातल्या 12 पंपाशिवाय होत असतील, तर उरल्या आठ. वर्षाला 96. आता त्या कॉलेजात इंटर्नशिपला 15 मुलं असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षभरात सहा-सात केसेस येतात. एका केसमध्ये पंप एकाच्याच हातात असतो, बाकीचे मागे उभे राहून बघतात. बघण्यानेही शिकता येतं, पण पोहणं काठावरून जितकं शिकता येतं तितकंच.

अमेरिकेत या अभ्यासक्रमातून बाहेर पडण्यासाठी विद्यार्थ्याच्या नावावर किमान 75 केसेस लागतात, आणि प्रमाणपत्र टिकवायला पुढे दरवर्षी किमान 40. आपल्याकडे हाच आकडा धरा असं मी म्हणत नाही. पण सहा आणि 75 यांच्यात आपलं कॉलेज कुठे बसतं, हे कळायला हवं की नको?

दुसरी गोष्ट, केसेस कसल्या. ज्या रुग्णालयात रुमॅटिक आजाराने खराब झालेल्या झडपा येतात, जन्मजात हृदयदोषाची लहान मुलं येतात, तिथे शिकणारा विद्यार्थी वेगळाच तयार होतो. अशा बहुतेक केसेस पंपाशिवाय होत नाहीत. चार किलोच्या बाळाच्या शरीरात रक्तच मुळात साडेतीनशे मिलिलिटरच्या आत-बाहेर असतं. यंत्राच्या नळ्या भरायला किती द्रव वापरायचा, किती रक्त मिसळायचं, शेवटी जादाचं पाणी गाळून कसं काढायचं, हा सगळा हिशोब बाळासाठी नव्याने मांडावा लागतो. आपल्याकडे असे रुग्ण सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांत जास्त येतात. तिथल्या भिंतींचा रंग उडालेला असेल, कँटीन यथातथा असेल. माझ्या मुलीला शिकायचं असतं, तर मी तिला डोळे मिटून तिथे पाठवलं असतं.

तिसरा प्रश्न जरा अवघड आहे आणि तो कॉलेजच्या ऑफिसात विचारून उपयोग नाही: शिकवतं कोण? पहिल्या वर्षीचं शरीरशास्त्र, जीवरसायनशास्त्र कुणीही चांगला शिक्षक शिकवेल. पण पर्फ्युजनचे मुख्य विषय रोज पंपावर उभा राहणारा माणूस शिकवतो की पॅरामेडिकलचे सगळेच अभ्यासक्रम सांभाळणारे एकच प्राध्यापक शिकवतात, हे कळायला हवं. मला मुलाखतीला आलेला एक मुलगा आठवतो. चार वर्षं पूर्ण, गुणपत्रिका उत्तम. ऑक्सिजनेटर कसा काम करतो हे त्याने आकृतीसह समजावलं. मी विचारलं, "ऑपरेशन चालू असताना तोच निकामी झाला तर बदलशील कसा?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडे एकच मशीन होतं, ते लॅबमध्ये काचेच्या दारामागे असायचं." इंटर्नशिपचं वर्ष त्याने एका छोट्या रुग्णालयात काढलं होतं. ट्रॉल्या ढकलल्या, औषधांच्या याद्या केल्या, रक्ताच्या पिशव्या आणल्या. पंप सुरू होताना आत उभं राहायला मिळालं ते अकरा वेळा. मुलगा हुशार होता, प्रामाणिकही होता. आम्ही त्याला घेतलं, पण शिकाऊ म्हणून. पुढचं दीड वर्ष अर्ध्या पगारावर तो तेच शिकला, ज्याचे पैसे त्याच्या वडिलांनी आधीच भरले होते. त्या कॉलेजचं नाव इथे घेत नाही. तसं ते एकटंच आहे असंही नाही.

लॅबमधलं यंत्र वाईट नाही, हेही सांगायला हवं. उलट चांगल्या कॉलेजात नळ्यांत पाणी भरून सराव घेतात. वीज गेली तर दांडा लावून हाताने पंप फिरवायचा, ऑक्सिजनेटर मिनिटभरात बदलायचा, हवा शिरली तर कोणी काय करायचं. हे प्रसंग रुग्णावर शिकायचे नसतात, ते पाण्यावरच शिकायचे असतात. म्हणून 'मशीन आहे का' एवढं विचारून थांबू नका. मागच्या आठवड्यात ते कुणी चालवलं, ते विचारा. तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मुलाला चहा पाजलात तर खरं उत्तर मिळेल.

याच्या उलट टोकाचं एक उत्तरही मी ऐकलं आहे. "आमच्याकडे इंटर्न सहा महिन्यांत एकटा पंप चालवतो!" हे अभिमानाने सांगितलं जातं आणि पालकही खूश होतात. मला मात्र त्या टेबलावर झोपलेला माणूस दिसतो. शिकाऊ हातात पंप द्यायलाच हवा, नाहीतर तो शिकणार कसा? पण त्याच्या खांद्यामागे हातभर अंतरावर जाणता माणूस उभा असेल तरच. एकटं सोडण्याची फुशारकी मारणारी जागा शिकण्यासाठी आणि उपचारांसाठीही टाळावी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. 2021 साली केंद्राने सहायक आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. पर्फ्युजनिस्टचा त्याच्या यादीत समावेश आहे. त्या कायद्यात शिक्षणाचे किमान तास ठरवलेले आहेत: सहायक व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत 2,000 तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत 3,600 तास. त्यामुळे 'सहा महिन्यांत पर्फ्युजन टेक्निशियन' अशी जाहिरात दिसली तर पान उलटा. पूर्वी बी.एस्सी. झालेली मुलं थेट थिएटरमध्ये येऊन ज्येष्ठांच्या हाताखाली हे काम शिकत, आणि त्यातले काहीजण आजही या क्षेत्रातले उत्तम लोक आहेत. पण तो काळ सरला. यापुढे नोंदणी लागणार, आणि नोंदणीला मान्य पदवी लागणार. कुठल्या विद्यापीठाची पदवी मिळणार, पदवीच्या नावात पर्फ्युजन आहे का, ते लेखी घ्या. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाखा आहेत. त्यातला हृदयविकार तंत्रज्ञ वेगळा, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ वेगळा. दोन्ही कामं चांगली आणि गरजेची, पण ती पर्फ्युजन नव्हेत. 'हे घ्या, नंतर त्यातच जाता येईल' असं कुणी सांगितलं तर ते कसं, हे त्याच्याकडून कागदावर मागा.

राज्याबाहेर बघायची तयारी असेल तर पर्याय वाढतात. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये पर्फ्युजनची बी.एस्सी. आहे. कर्नाटकात राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली ती अनेक ठिकाणी आहे, आणि तिथेही रुग्णालय पाहूनच निवड करावी लागते. आधीच विज्ञानाची पदवी असलेल्यांसाठी तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. सरकारी संस्थांत जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी, पण फी कमी. एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करणं आणि लाखो रुपये कर्ज काढून कुठेही प्रवेश घेणं यातलं एक निवडायचं असेल, तर मी थांबायला सांगेन. घरातल्या मोठ्यांना 'वर्ष वाया जातं' हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे. चार वर्षं वाया गेलेला मुलगा त्यांनी पाहिलेला नाही, मी पाहिला आहे.

परदेशाचं आमिषही तपासून घ्या. आखाती देशांत वेगळी परवाना प्रक्रिया असते. अमेरिकेत तर प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच बाहेर पडावं लागतं. इथल्या पदवीवर विमानाचं तिकीट फुकट मिळत नाही.

नोकरीचंही स्पष्ट बोलू. एका मध्यम हृदयरुग्णालयाला दोन-तीन पर्फ्युजनिस्ट पुरतात. नर्सेससारखी शेकडोंनी भरती इथे होत नाही. जिल्ह्याच्या गावांत काही पर्फ्युजनिस्ट चार-पाच रुग्णालयांत बोलावतील तसे जातात, गाडीत सामान टाकून. सुरुवातीचा पगार फीच्या मानाने कमी वाटेल. कोविडच्या काळात एक्मो हा शब्द घरोघरी पोहोचला, ते कामही यांच्याच कौशल्यावर उभं आहे आणि ते रात्रंदिवस चालतं. ज्याला दोन वाजता फोन आल्यावर चिडचिड होते त्याने दुसरं काही करावं. पण ज्याचे हात पक्के आहेत त्याला काम शोधावं लागत नाही, सर्जनच त्याला शोधत येतात. म्हणून त्या केसेसच्या आकड्यावर मी इतका अडून बसतो.

रुग्णांनाही एक सांगतो. शस्त्रक्रियेच्या आधी तुम्ही सर्जनला भेटता, मला भेटता. पर्फ्युजनिस्टला बहुतेक वेळा भेटतच नाही. तो दिसतो तेव्हा तुम्ही झोपलेले असता, आणि जागे होता तेव्हा तो पुढच्या केससाठी नळ्या जोडत असतो. "पंपावर कोण असणार आहे, त्यांचा अनुभव किती?" हे विचारायला संकोच करू नका. चांगल्या टीमला या प्रश्नाचा राग येत नाही.

त्या मुलीने तीन आठवड्यांनी फोन केला. तिन्ही ठिकाणी ती वडिलांना घरी ठेवून मामांबरोबर जाऊन आली होती. पहिल्या ठिकाणी केसेसचा आकडा विचारल्यावर "तो गोपनीय असतो" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणचं रुग्णालय कॉलेजपासून नव्वद किलोमीटरवर निघालं, मुलांना तिथे शेवटची चार महिनेच पाठवतात. तिसरं सगळ्यात जुनाट, माहितीपत्रकही धड छापलेलं नाही. तिथल्या ज्येष्ठ पर्फ्युजनिस्टबाईंनी तिला थेट विचारलं, "सहा तास पाणी न पिता उभी राहशील? पंप चालू असताना जागा सोडता येत नाही, बरं." मग कपाटातून मागच्या बॅचच्या एका मुलीचं लॉगबुक काढून समोर ठेवलं. इंटर्नशिपच्या वर्षात 83 केसेस, प्रत्येकीपुढे सही.

"मग?" मी विचारलं.

"पहिल्या यादीत नाव नाही लागलं, सर. दुसरी गुरुवारी आहे. मामा म्हणतात तोपर्यंत दुसऱ्या कॉलेजात पैसे भरून ठेवू. बाबा म्हणतात, थांबू."

मी बाबांच्या बाजूने मत दिलं, आणि बाबांनी गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही तेही विचारून घेतलं.